शून्याची फ्रेम

३ मार्च

पोचले. बस वेळेवर, ट्रंक शाबूत, कंडक्टर उद्धट. म्हणजे प्रवास नेहमीसारखाच झाला. जावईबापू स्टँडवर घ्यायला आले होते आणि त्यांचं बोट धरून माझी नात. तिला सगळे भिंगरी म्हणतात ते बरोबरच आहे. स्टँडपासून घरापर्यंत ती एकदाही सरळ चालली नाही. पुढे पळाली, मागे आली, माझ्याभोवती गिरक्या घेतल्या, लंगडी घातली. मी दटावलं. ऐकलं नाही. मला छान वाटलं. इतकी वर्षं मुख्याध्यापिका म्हणून काढल्यावर न ऐकणारं माणूस भेटलं की अंगात हुशारी येते.

वर दोन खोल्या, खाली स्टुडिओ. स्टुडिओत एक राखाडी पडदा, तीन दिवे, स्टँडवर बसवलेला कॅमेरा आणि त्याच्यासमोर गोल लाकडी स्टूल. मागे डार्करूम. माझी लेक गेल्या थंडीत तापाचं निमित्त होऊन गेली. ती होती तोवर काउंटर आणि डार्करूम तीच बघायची. आमचे हे नुसते बटण दाबायचे धनी, असं हसून सांगायची. आता सगळीकडे धूळ. मी बाह्या सरसावल्या. कपाटं पुसली, बाटल्यांना नव्या चिठ्ठ्या लावल्या. कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं होतं, डेव्हलपर कुठला आणि फिक्सर कुठला हे मला कुणी शिकवायला नको. शाळेच्या प्रयोगशाळेतला माझा पांढरा अ‍ॅप्रन सोबत आणला आहे. अजून कडक आहे.

मी रडले नाही. ती गेली तेव्हाही नाही, आज तिच्या चपला दाराशी तशाच दिसल्या तेव्हाही नाही. रडून कुणाचं काम उरकत नाही. चपला कपाटात ठेवल्या.

५ मार्च

माणसं किती प्रकारे फोटो घालवू शकतात हे दोन दिवसांत कळलं. एका गृहस्थांनी मुलीचा वाढदिवस काढला, पण फिल्मचं टोक कॅमेऱ्यातल्या फिरकीत अडकलंच नव्हतं. ते पाहुण्यांकडे बघत खटाखट बटण दाबत राहिले आणि फिल्म डबीतून हललीसुद्धा नाही. दुसऱ्यांनी फोटो संपले का ते पाहायला कॅमेऱ्याची पाठ उघडली, भर उन्हात. तिसऱ्यांनी वापरलेलं रीळ नवं समजून पुन्हा भरलं. त्यांच्या साडूच्या लग्नावर त्यांचा कुत्रा छापून आला आहे. नवरदेव म्हणून कुत्राच शोभून दिसतो, असं शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या. त्यांचं दुकान आमच्या भिंतीला भिंत लावून आहे आणि जिभेला हाड नाही. तो फोटो मी नीट पाहिला. दोन चित्रं एकावर एक पडली की जे पांढरं असतं ते जिंकतं. कुत्रा पांढरा होता.

भिंगरीचा एकही फोटो धड नाही. प्रत्येकात तिच्या जागी एक धुरकट पट्टा. बसतच नाही, हलते, म्हणून जावईबापूंनी सांगितलं. हे सांगताना ते उकळता चहा पाण्यासारखा प्याले. फुंकरही नाही. एरवी माणूस चांगला आहे. वाढलं ते खातात, सांगितलं ते करतात. भिंगरी आईची आठवण काढून रोज रडते, तेव्हा ते तिच्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघतात. दुःखानं असं होतं, मी शाळेत पाहिलं आहे.

९ मार्च

आज एक मूर्ख पद्धत बंद केली.

फिल्म उजेडात भरावी लागते, त्यामुळे तिचा सुरुवातीचा भाग जळतो. तो पुढे ढकलायला दोन रिकामी बटणं दाबायची आणि मग पहिला खरा फोटो. दुसरं रिकामं बटण बहुतेक वेळा सीमेवर पडतं, अर्धं जळालेल्या भागावर, अर्धं चांगल्या. तिला इथे शून्याची फ्रेम म्हणतात आणि कापून टाकून देतात. तर या स्टुडिओत अशी रीत की रिकामी बटणं दाबताना लेन्सवर झाकण हवंच. का, असं विचारलं. जावईबापू म्हणाले, आई, तशी पद्धत आहे.

या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. झाकण तसंच राहिलं तरी खिडकीतून सगळं झकास दिसतं. आज तेच झालं. एक अख्खं कुटुंब, आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत, नटूनथटून आलं होतं आणि जावईबापूंनी झाकणासकट त्यांचं सगळं रीळ काढलं. संध्याकाळी लोक फोटो न्यायला आले तेव्हा माफी मी मागितली. ते बाजूला उभे होते, कुणा दुसऱ्याच्या दुकानात आल्यासारखे.

मी झाकण माझ्या ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. यापुढे रीळ मीच भरणार. जावईबापू झाकणाशिवाय नको म्हणाले, पण एकदाच, तेही हवापाण्याबद्दल बोलावं तसं. मी म्हटलं, कारण सांगा. त्यांनी खांदे उडवले.

१४ मार्च

निगेटिव्ह कापताना एक शून्याची फ्रेम हाती आली. सहज छापून पाहिली. डावा अर्धा भाग जळून कागदावर पांढराफेक. उजवीकडे आपलं रिकामं स्टूल दिसायला हवं होतं. स्टूल आहे. पण पांढरं जिथे संपतं तिथून एक गुडघा बाहेर आला आहे आणि गुडघ्यावर हात.

ते रीळ मी सकाळी दुकान उघडायच्या आधी भरलं होतं. समोर कुणी नव्हतं.

१७ मार्च

कचऱ्याच्या टोपलीतून आठवडाभरातल्या शून्याच्या फ्रेम काढून सगळ्या छापल्या. मी कल्पना लढवणारी बाई नाही. जे दिसतं ते लिहिते. प्रत्येकीत कुणीतरी स्टुलावर बसलेलं आहे. फिल्म भरताना टोक जास्त ओढलं गेलं असेल तर पांढरं जास्त आणि माणूस कमी. कमी ओढलं असेल तर पांढरं कमी आणि माणूस जास्त. एकीत कोपरापर्यंत. एकीत खांद्याचा उतार. चेहरा कायम पांढऱ्यात.

जावईबापूंना दाखवल्या. त्यांनी पाहिल्या, परत दिल्या, आणि छपाईचा कागद संपत आलाय, आणू का, असं विचारलं.

एक गोष्ट लिहून ठेवते. या घरात माझ्या लेकीचा एकही फोटो नाही. सगळ्या गावाचे फोटो निघाले, ती मात्र दिव्यामागे उभी. गिऱ्हाईक यायच्या आधी दिवे नीट पडतात का ते बघायला स्टुलावर तीच बसायची, असं शिंपीणबाईंनी सांगितलं. बसायची आणि गुडघ्यावर हात ठेवायची.

२१ मार्च

भिंग लावून तो हात पाहते आहे. लेकीच्या डाव्या करंगळीचं टोक वाकडं होतं, लहानपणी दारात सापडलं होतं. फोटोतला हात डावाच आहे. करंगळी पांढऱ्याच्या कडेला आहे, कळत नाही. सरळ वाटते. मग वाटतं, नाही, थोडी वाकडी.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पुराव्यावर आहे. फिल्म उजेडात न भरता डार्करूमच्या अंधारात भरली तर काही जळणारच नाही. शून्याची फ्रेम अख्खी मिळेल, चेहऱ्यासकट. यात काही अवघड नाही. हात शिकलेले आहेत.

तीच असेल तर एक फोटो हवा. एवढंच.

२२ मार्च

सकाळी दार लावून अंधारात रीळ भरलं. कॅमेरा स्टँडवर चढवला, दिवे लावले, समोर रिकामं स्टूल. एक बटण, दोन बटणं. तेवढ्यात भिंगरी उड्या मारत आली आणि स्टुलावर चढली. शाळेत तिचा फोटो हवाच होता. पहिला फोटो तिचा काढला.

दुपारी धुतलं. शून्याची फ्रेम अख्खी आली आहे, काचेसारखी स्वच्छ. स्टूल रिकामं आहे.

बराच वेळ रिकामं स्टूल बघत बसले. काही वाटलं नाही. पाणी गार पडलं होतं, हात तसेच पाण्यात होते.

भिंगरीचा फोटो मात्र अप्रतिम. आयुष्यात पहिल्यांदा पोर हलली नाही. पापण्यासुद्धा मोजता येतात. चौकट करून काउंटरवर ठेवला.

२५ मार्च

घरात विचित्र प्रकार. जावईबापूंची आज सकाळी चहानं जीभ भाजली. कप खाली आपटला, आणि मग त्या ओल्या टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागले. ती गेली, आई, ती गेली, एवढंच. जणू तार आजच आली. मी पाठीवरून हात फिरवला. चार महिन्यांचं तुंबलेलं आहे, वाहू दे, असं म्हटलं.

भिंगरी समोर बसून दूध पीत होती. पूर्ण प्यायली. मिशी पुसली. बाप रडतो आहे हे तिनं पाहिलं आणि पेला विसळून ठेवला. सांगितलं नव्हतं.

तिनं या आठवड्यात आईची आठवण काढलेली नाही. शिंपीणबाई म्हणाल्या, आजीबाई, तुमच्या हाताला गुण आहे हो, पोर कशी शहाणी झाली, आता रस्त्यानं सरळ चालते.

मलाही बरं वाटलं होतं.

२७ मार्च

शिंपीणबाईंनी काउंटरवरचा फोटो उचलून पाहिला. म्हणाल्या, झकास आलाय, पण तुमचा हात आलाय तेवढा कापून टाका.

मी कॅमेऱ्यामागे होते.

भिंग घेतलं. भिंगरीच्या डाव्या खांद्यावर चार बोटं. मागून आलेली. कपड्याची सुरकुती दाबून धरावी तशी सपाट. फ्रॉक गडद, म्हणून मला आधी सावली वाटली. करंगळी आता पूर्ण दिसते. सरळ आहे. अगदी सरळ.

माझी लेक नव्हे.

२८ मार्च

भिंगरी दिव्याला टेकून उभी होती. दोन तास तापलेला दिवा. करपल्याचा वास आला म्हणून मी वळले. डाव्या दंडाची कातडी दिव्याला चिकटली होती. ती शांतपणे माझ्याकडे बघत होती. ओढून काढली तेव्हाही हूं नाही. दुखतं का, विचारलं. म्हणाली, कुठे?

डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली. शिरा ठीक, भाजलेलं भरून येईल. मनाला धक्का बसला असेल, म्हणाले. तिला विचारलं, आईची आठवण येते का गं? तर म्हणाली, आई नाहीये. दूध संपलंय म्हणावं तसं.

२९ मार्च

जावईबापूंनी आज सगळं सांगितलं. रडत सांगितलं, म्हणून तुटक लिहिते.

लेक गेल्यावर आठवडाभरानं ते तिच्या जागी स्टुलावर बसले, लांब तारेनं बटण दाबलं. नवं रीळ होतं, फोटो शून्याच्या फ्रेमवर पडला. अर्धा पांढरा. त्यांच्या खांद्यावर पांढऱ्यातून एक हात आलेला. त्या दिवसापर्यंत ते रोज रडायचे. मग थांबलं. आधी बरं वाटलं, म्हणाले, मग बरंही वाटेनासं झालं. चहाचा चटका कळेना. पोर रडते ते ऐकू यायचं, पोचायचं नाही. एवढं मात्र समजत होतं की ते पांढऱ्याच्या आड अडलेलं आहे, पुढे येऊ द्यायचं नाही. म्हणून झाकण.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? म्हणाले, सांगायला हवं हे कळत होतं. सांगावंसं वाटलं नाही.

त्यांना सोडलं त्या दिवशी त्यानं भिंगरीला धरलं. जळालेली फिल्म हीच त्याची भिंत होती. मी ती नीटनेटकेपणानं काढून टाकली.

३१ मार्च

झाकण लावलं. उजेडात भरलं. पाठ उघडून अख्खं रीळ उन्हात धरलं. काही उपयोग नाही. भिंगरीला पुन्हा स्टुलावर बसवून एक काढला. आता दोन्ही खांद्यांवर. आणि मानेजवळ काहीतरी, टेकवलेली हनुवटी असावी तसं.

ती हलत नाही. फोटोत नाही, बाहेरही नाही. बसवलं तिथे बसते. पापणी मिटायला विसरते, मग डोळ्यांतून पाणी येतं. ते रडणं नव्हे.

१ एप्रिल

ते सुटतं. एकाला सोडून दुसऱ्याकडे जातं, हे सिद्ध झालं आहे. त्याला फक्त फ्रेम हवी आणि माणूस.

कुत्रा आणि नवरदेव. तेच रीळ दुसऱ्यांदा भरायचं. आधी भिंगरी. मग फिल्म मागे गुंडाळायची, टोक डबीत जाऊ द्यायचं नाही, पेन्सिलीच्या खुणेला खूण जुळवून तीच फ्रेम पुन्हा लेन्ससमोर आणायची. तिच्यावर मी, पांढऱ्या अ‍ॅप्रनमध्ये. पांढरं जिंकतं. तिचा खांदा माझ्याखाली झाकला जाईल. मग धरायला मीच उरेन.

जावईबापू म्हणाले, मी बसतो, आई, माझी सवयीची जागा आहे ती. मी नाही म्हटलं. पोरीला बाप हवा, चटका बसणारा. आणि माझं काय, मला तसंही फारसं काही वाटत नाही. लेक गेली तेव्हा डोळ्याला पाणी आलं नाही ती बाई मी. माझ्याकडून ते नेणार काय?

अ‍ॅप्रनला इस्त्री केली.

२ एप्रिल, सकाळ

झालं. आधी ती. मग खुणेला खूण. मग मी बसले. स्टूल गार होतं. जावईबापू बटणावर बोट ठेवून रडत होते, मी ओरडले, कॅमेरा हलवू नका. फोटो घेतला.

पाठीमागे कुणी नव्हतं. पडदाही हलला नाही.

धुतलं. फिल्म ओली आहे. भिंगरी पुसट, खांदे मोकळे. तिच्यावर मी. हात माझ्या खांद्यांवर. पांढऱ्यावर दिसायला नकोत. स्पष्ट दिसतात —

दुपार

खालून आवाज. भिंगरी. दंड दुखतो म्हणून किंचाळते आहे. आणि आई हवी, आई हवी, आई हवी. जावईबापू तिच्याबरोबर रडत आहेत. काहीतरी पडलं, बहुधा दिवा. ती पळते आहे खोलीभर. पावलं ऐकू येतात.

सगळं जसं ठरवलं तसं झालं. मला आनंद —

लेकीचा चेहरा आठवून पाहिला. सगळं आठवतं. वाकडी करंगळी, हसताना झाकलेलं तोंड, लहानपणी तापात माझ्या मांडीवर — सगळं जागेवर आहे. पण ही कुणाची तरी मुलगी. शाळेतली एखादी. हजेरीपटावरची.

म्हणजे होतं. इतके दिवस आत होतं सगळं, भरलेलं, आणि मी —

बोटं लिहितात. कागदाचा स्पर्श कळत नाही.

आता मला हाक मारते आहे. आजी. आजी, ये ना. जिन्यापर्यंत आली. रडते आहे. उठून तिला घ्यायला हवं, हे कळतंय. उठावंसं —